नवरा ट्रफल घेऊन ‘बदलून’ आला. आता मीही घ्यावेत का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात चूक असेल तर तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही दोघं सहा वर्षांपासून नेदरलँड्समध्ये, आम्स्टेलव्हेनला राहता. मुलगी चार वर्षांची आहे. एप्रिलमध्ये नवरा ऑफिसमधल्या चौघांबरोबर शनिवार-रविवारच्या रिट्रीटला, म्हणजे निवासी शिबिराला, गेला आणि तिथे त्याने सायलोसायबिन या जाणिवा बदलणाऱ्या द्रव्याचे ट्रफल, म्हणजे मॅजिक मशरूमच्या बुरशीच्या गाठी, घेतले. आल्यावर तीन आठवडे तो इतका मायाळू होता की तुम्हाला लग्नानंतरचे पहिले दिवस आठवले. मग सूर बदलला. आता तो म्हणतो की आपलं नातं साचलंय, ‘तू एकदा घेतल्याशिवाय तुला मी कळणार नाही’, आणि पुढच्या महिन्यात आपण दोघं मिळून जाऊ. तुम्ही दीड वर्षापासून नैराश्यावरची एस्सिटालोप्रामची गोळी घेता. तुमच्या मामांना बायपोलर आजार आहे. तुम्ही विचारता: मी घ्यावेत का? नाही घेतले तर आमच्यातलं अंतर वाढतच जाईल का? आणि अगदी शेवटी एक ओळ लिहिली आहे. त्या चौघांत एक सहकारी मुलगी होती, तिच्याशी तो रोज रात्री तासभर चॅट करतो, ‘कारण तिला ते न सांगता कळतं’.

मी पुण्यात बावीस वर्षं मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यातला मोठा भाग जोडप्यांबरोबर. पेशंट मनातली खरी गोष्ट बहुतेक वेळा उठता उठता, चपला घालताना सांगतो. तुमची ती शेवटची ओळ मला तशी वाटली. ट्रफल घ्यायचे की नाही याचं उत्तर सोपं आहे, ते आधी देऊन टाकते. अवघड आहे ते दुसरं: नवरा एका खोलीत जाऊन आला, तुम्ही बाहेर राहिलात, आणि त्या खोलीत त्याच्यासोबत दुसरं कोणीतरी होतं. मी तुम्हा दोघांपैकी कोणालाच भेटलेले नाही आणि एकाच बाजूने ऐकते आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

तर, तुम्ही घेऊ नका. तुमच्या मामांच्या आजारामुळे तर नक्कीच नाही. सायलोसायबिनच्या अनेक चाचण्यांमध्ये ज्यांच्या जवळच्या नातेवाइकांत बायपोलर किंवा स्किझोफ्रेनियासारखा आजार आहे अशांना घेतच नाहीत, कारण सुप्त कल असलेल्या माणसात उन्माद किंवा भ्रम उफाळण्याची भीती असते. तुम्हाला तसं होईलच असं नाही. पण संशोधक जो धोका दवाखान्यात, डॉक्टर शेजारी बसलेला असताना पत्करत नाहीत, तो तुम्ही गावाबाहेरच्या फार्महाउसवर पत्करायचं कारण नाही. दुसरं, तुमची गोळी. सायलोसायबिन मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या ग्राहींवर (रिसेप्टरवर) काम करतं, आणि तुमची गोळीही सेरोटोनिनच्याच व्यवस्थेत काम करते. गोळी चालू असलेल्या बऱ्याच जणांना ट्रफलचा परिणाम बोथट जाणवतो. मग कोणीतरी सल्ला देतं, ‘दोन आठवडे आधी गोळी बंद कर.’ या सल्ल्यापायी पुन्हा नैराश्यात गेलेली माणसं मी पाहिली आहेत. एका संध्याकाळसाठी दीड वर्षात मिळवलेली झोप आणि भूक पणाला लावू नका. (हे वाचणारं कोणी लिथियम हे बायपोलरवरचं औषध घेत असेल तर त्यांच्यासाठी एक ओळ: लिथियमबरोबर ही द्रव्यं घेतल्यावर फिट आल्याच्या नोंदी आहेत.)

तिथे हे कायदेशीर आहे, असं तुम्ही लिहिलंय. बरोबर आहे, पण त्यामागची गोष्ट वेगळी आहे. डिसेंबर २००८ पासून नेदरलँड्समध्ये मॅजिक मशरूमवर बंदी आहे. ट्रफल म्हणजे त्याच बुरशीच्या जमिनीखाली वाढणाऱ्या गाठी. त्या बंदीच्या यादीत आल्या नाहीत, म्हणून दुकानात मिळतात. आतलं द्रव्य तेच आहे, त्यामुळे कायद्याने मोकळे म्हणून ते सौम्य ठरत नाहीत.

आता मुख्य गोष्टीकडे येते. या द्रव्यांचा एक गुण नात्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. तो म्हणजे खात्री. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच गूढ अनुभवांचं हे लक्षण नोंदवलं होतं: असा अनुभव माणसाला भावनेपेक्षा ज्ञानासारखा भासतो. ‘मला असं वाटलं’ असं तो म्हणत नाही, ‘मला दिसलं’ असं म्हणतो. आणि ज्याला दिसलंय त्याच्याशी वाद घालता येत नाही. तुमचा नवरा ‘आपलं नातं साचलंय’ हे मत म्हणून सांगत नाही, बातमी म्हणून सांगतो. तुमची अर्धी दमछाक तिथे होते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जोडपं आलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते. थर्टीफर्स्टला ते मित्रांबरोबर गोव्याला गेले होते, तिथे नवऱ्याने एलएसडी हे असंच जाणिवा बदलणारं द्रव्य घेतलं. त्याचा अंमल आठ ते बारा तास राहतो. पहाटे किनाऱ्यावर बसून त्याने बायकोला सांगितलं, ‘मला आज कळलं, मी तुझ्यावर कधी प्रेमच केलं नाही.’ हे एक वाक्य तिने नऊ महिने छातीवर दगडासारखं वागवलं. त्यालाही ते मागे घेता येईना, कारण त्याला ते ‘दिसलं’ होतं. माझ्याकडे सहा-सात बैठका झाल्यावर हळूहळू उलगडलं. त्या रात्री त्याच्यासमोर उभं राहिलं होतं ते हे, की वडिलांच्या धाकाने तो इंजिनियर झाला, त्यांनी पसंत केलेल्या मुलीशी लग्न केलं, त्यांनी सांगितलेल्या सोसायटीत फ्लॅट घेतला. स्वतःहून त्याने काही निवडलंच नव्हतं. दुःख अगदी खरं होतं, पण ते वडिलांविषयीचं होतं. समोर बायको बसली होती म्हणून ते तिच्या खात्यावर जमा झालं. पुढे एका रविवारी तो वडिलांशी आयुष्यात पहिल्यांदा मोकळेपणाने भांडला, आणि त्यानंतर घरातली हवा बदलली. आजही ते एकत्र आहेत. ते नऊ महिने मात्र तिला कोणी परत दिले नाहीत.

म्हणून मी जोडप्यांना सांगते की अनुभव आणि त्यातून काढलेला अर्थ, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. नवऱ्याला काहीतरी मोठं जाणवलं यावर तुम्ही विश्वास ठेवू शकता. त्यातून त्याने लग्नाबद्दल जो निष्कर्ष काढलाय तो मात्र इतर कुठल्याही निष्कर्षासारखाच तपासायचा, दिवसाउजेडी आणि दोघांनी मिळून.

बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांच्या गटाने ३६ निरोगी स्वयंसेवकांना सायलोसायबिन दिलं होतं, तो अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन महिन्यांनी त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांनी तो अनुभव आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण पाच अनुभवांत गणला. हा आकडा सगळे सांगतात, तुमच्या घरातही तो सांगून झाला असेल. त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या दोन गोष्टी सहसा कानावर येत नाहीत. ३६ पैकी ११ जणांना त्या दिवशी कधी ना कधी तीव्र भीती वाटली, तीही शांत खोलीत, आधीपासून ओळखीच्या झालेल्या प्रशिक्षित माणसाच्या सोबतीत. आणि दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. संशोधकांनी प्रत्येक स्वयंसेवकाच्या जवळच्या तीन माणसांना आधी आणि नंतर फोन केले, आणि याचं वागणं कसं आहे ते विचारलं. फरक पडला होता, चांगल्या दिशेने, पण छोटा. म्हणजे आतून डोंगराएवढा वाटणारा बदल बाहेरून टेकडीएवढा दिसत होता. नात्याच्या हिशेबात मी ही दुसरी मोजणी धरते. तुमच्या घरात ती मोजणारी व्यक्ती तुम्ही आहात, आणि त्यासाठी तुम्हाला ट्रफल घ्यावे लागत नाहीत.

आल्यावरचे तीन आठवडे खोटे होते का, असं तुम्ही विचारलंत. नव्हते. अशा अनुभवानंतर काही दिवस ते काही आठवडे मन मऊ असतं, जुने राग सैल होतात, रडू लवकर येतं. फक्त नव्याचे नऊ दिवस सरतात. तेव्हा घरात तेच भांड्यांचं ढीगभर काम असतं, मुलीची तीच शाळा असते, आणि माणसाला वाटतं की कोणीतरी आपलं तेज काढून घेतलं. ते ‘कोणीतरी’ म्हणून जोडीदार सगळ्यात सोयीचा असतो. ‘साचलेलं नातं’ हा शब्द तुमच्या घरात याच वेळी आला, चौथ्या आठवड्यात. मला तो योगायोग वाटत नाही.

आणि हे फक्त द्रव्याने होतं असंही नाही. इगतपुरीला दहा दिवसांची विपश्यना करून आलेल्या माणसाच्या घरातही मी हेच पाहिलंय. तिकडे मौन आणि शांतता, इकडे दोन मुलं आणि आजारी सासू सांभाळणारी बायको. त्याला घर गोंगाटाचं वाटतं, तिला तो परका वाटतो. साधनेचा दोष नसतो. एक गेला आणि एक राहिला, यातून येणारी ती असमानता असते. आपल्याकडे वारीला याचं एक उत्तर होतं. वारीहून आलेल्याच्या पाया घरचे पडतात, कारण तो त्यांच्यासाठीही चालून आला असं मानतात. ‘तू चालली नाहीस म्हणून तुला विठोबा कळणार नाही’ असं कोणी घरी येऊन म्हणत नाही. तुमचा नवरा नेमकं ते म्हणतोय, आणि तुम्हाला लागलं असेल तर ते रास्त आहे.

त्याची बाजूही मांडते. तो दुष्ट आहे असं मला तुमच्या लिहिण्यातून अजिबात वाटलं नाही. ज्याला शब्दांत न मावणारं काही घडलं तो एकटा पडतो, आणि आपल्या माणसाने ते पाहावं असं त्याला वाटतं. आग्रहामागे बऱ्याचदा हा एकटेपणा असतो. एक पेशंट आठवतात. आईच्या निधनानंतर वर्षभर त्यांना रडूच आलं नव्हतं, परदेशात एका रिट्रीटमध्ये ते मोकळं झालं. त्यांच्या नवऱ्याने काहीच घेतलं नाही. तो फक्त आठवडाभर रोज संध्याकाळी चहा घेऊन समोर बसला आणि म्हणाला, ‘सांग.’ त्यांचं नातं नंतर खरोखर गहिरं झालं. मी या द्रव्यांच्या विरोधात नाही. नैराश्यावर त्यांचा उपयोग होऊ शकतो याचे चांगले पुरावे जमत आहेत, आणि ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना काही आजारांसाठी ती वापरू दिली आहेत. पण त्या बाईंच्या घरात जे सुधारलं त्यातला मोठा वाटा त्या चहाच्या संध्याकाळींचा होता.

‘यावर कपल्स थेरपीसुद्धा करतात’ असा लेख त्याने तुम्हाला पाठवलाय. त्यात एक गल्लत आहे. ते काम एमडीएमएवरचं आहे, आणि एमडीएमए हे ट्रफलपेक्षा वेगळंच द्रव्य आहे. १९८५ मध्ये अमेरिकेत बंदी येण्याआधी काही थेरपिस्ट ते जोडप्यांसाठी वापरत, हे खरं. २०२० मध्ये एक छोटा अभ्यासही प्रसिद्ध झाला: सहा जोडपी, प्रत्येकात एकाला जुन्या आघाताचा आजार, सात आठवड्यांची थेरपी आणि त्यात फक्त दोनदा औषध. बाकी सगळं बोलणं, सराव, घरचा अभ्यास. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आघाताच्या त्याच आजारासाठी या उपचाराला मंजुरी द्यायला ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नकार दिला. एका आग्रही नवऱ्याने आणि एका घाबरलेल्या बायकोने फार्महाउसवर जाणं याला त्या अभ्यासाचा आधार नाही. उलट, कॅनडातल्या एमडीएमए चाचणीत २०१५ साली उपचार करणाऱ्यांनीच एका पेशंट बाईशी शारीरिक मर्यादा ओलांडल्या, आणि ते सगळं व्हिडिओवर होतं. मन उघडं पडलेल्या अवस्थेत दिलेल्या होकाराला मी होकार मानत नाही, समोर असा अनुभव देणारा गाइड असो की नवरा.

आता त्या मुलीबद्दल. लगेच संशय घ्या असं मी म्हणत नाही. एकत्र अशी रात्र काढलेल्या माणसांत घट्ट जवळीक तयार होते, पुरात एका छपरावर अडकलेल्यांत होते तशी. ती खरी असते आणि बऱ्याचदा ओसरते. पण दोन महिने रोज रात्री एक तास, तोही बायको शेजारच्या खोलीत असताना, याला मी भावनिक गुंतवणूकच म्हणेन. ‘प्रेम म्हणजे मालकी नव्हे’ हे त्याचं वाक्य तुम्ही लिहिलंत. तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे. इथे मात्र ते एका साध्या प्रश्नाच्या आड येतंय: तिच्याशी जे बोलतोस ते माझ्याशी का नाही? हा प्रश्न विचारा. मैत्री तोड म्हणू नका, त्याने फक्त ती लपेल. चौघांचा ग्रुप आहेच, तिथे बोल. रात्रीचा तो तास आपल्या दोघांचा राहू दे, इतकंच मागा. त्यावर तो काय म्हणतो यातून तुम्हाला बरंच कळेल. अनुभवाची सोबत हवी असेल तर तो ऐकेल. चिडला, टाळू लागला, फोन उलटा ठेवू लागला, तर मग तो प्रश्न ट्रफलचा उरलेला नाही, आणि तुम्ही दोघांनी समुपदेशकाकडे जायची वेळ झाली आहे.

दुसरी मागणी वेळेची करा. अशा अनुभवानंतर तीन महिने मोठे निर्णय नकोत, असं मी सगळ्यांना सांगते: नोकरी सोडणं, घर विकणं, वेगळं होणं, लग्न ‘ओपन’ करणं (म्हणजे बाहेर संबंध ठेवायची एकमेकांना मोकळीक देणं), आणि दुसऱ्यांदा ट्रफल घेणंसुद्धा. हा आकडा शास्त्रातून आलेला नाही, माझ्या कामातून आलाय. जी जाणीव खरी असते ती तीन महिन्यांनीही टिकते. आणि मधल्या काळात तिला वागण्यात उतरवायला सांगा. ‘सगळं एकच आहे’ असं त्याला जाणवलं असेल तर मंगळवारी सकाळी मुलीचा डबा कोण भरणार, हे विचारा. मी हे टोमणा म्हणून सुचवत नाही. ज्यांच्यात खरंच बदल होतो ते हा प्रश्न ऐकून उठतात आणि डबा भरतात.

दोन धोक्यांबद्दल थोडक्यात. तो कमी झोपूनही ताजातवाना राहू लागला, भरभर बोलू लागला, खर्च सुटला, आपल्यावर काही खास कार्य सोपवलंय असं म्हणू लागला, किंवा विनाकारण लोकांवर संशय घेऊ लागला, आणि हे काही दिवस टिकलं, तर वाट पाहू नका. तिथल्या तुमच्या हाउसआर्ट्सना, म्हणजे फॅमिली डॉक्टरांना, त्याच दिवशी फोन करा. जिवाला धोका वाटला तर ११२. दुसरा धोका दिवाळीचा. तुम्ही सांगलीला येणार आहात आणि ‘थोडे सोबत नेऊ’ असं तो म्हणालाय. हे कडकपणे थांबवा. भारतात सायलोसायबिन १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली येतं, आणि ते देशात आणल्याबद्दल प्रमाणानुसार वीस वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. इकडे कोणा मित्राकडून ‘एमडी’ मिळेल अशी गोष्ट निघाली तर तेही समजून घ्या. मुंबई-पुण्यात एमडी म्हणतात ते मेफेड्रोन. लेखातलं एमडीएमए ते नव्हे. मेफेड्रोनच्या चटक लागण्याने उद्ध्वस्त झालेली घरं माझ्या दवाखान्यात दर महिन्याला येतात.

‘नाही घेतले तर अंतर वाढेल का?’ या तुमच्या प्रश्नाकडे परत येते. घेतले तर अंतर कमी होईल याचीही खात्री कोणी देऊ शकत नाही. दोघांनी मिळून घेतलं आणि दोघांना वेगवेगळं ‘दिसलं’, अशी जोडपीही माझ्याकडे आली आहेत. अंतर कमी होतं ते त्याने तुम्हाला आत घेतल्याने आणि तुम्ही ऐकायला बसल्याने. त्यातलं तुमच्या हातात आहे ते आधी करा. त्याला सांगा, ‘मी घेणार नाही, माझ्या तब्येतीला ते चालणार नाही, आणि तो विषय माझ्यासाठी संपला. पण तुला काय झालं ते मला पूर्ण ऐकायचंय, मध्ये न बोलता.’ मग खरंच मध्ये बोलू नका. त्याचं झालं की तुमची पाळी: तो दोन दिवस नव्हता तेव्हा घरी काय झालं, ते तीन आठवडे तुम्हाला कसे वाटले, आणि ‘साचलेलं’ हा शब्द कुठे लागला.

हे बोलणं रात्री मुलगी झोपल्यावर नको, तेव्हा दोघंही थकलेले असता आणि फोन जवळ असतो. शनिवारी सकाळी मुलीला मैत्रिणीकडे सोडा आणि दोघं आम्स्टेल नदीच्या काठाने चालायला जा. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही ते शेजारी चालताना बोलता येतं. आणि त्या सकाळीही तुमची गोळी वेळेवर घ्या.